नऊ नंबरची खुर्ची

जुलैचं वीजबिल मी दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.
आकडा तोच.
एल पासोत, डायलिसिस सेंटरच्या मागच्या खोलीत
मी सतरा वर्षं हिशेब लिहिते.
कुणाच्या रक्तात किती क्षार ते नर्सना ठाऊक,
मला ठाऊक फक्त काय कितीला पडलं.

आमची पश्चिमेची भिंत सगळी काचेची.
बांधणाऱ्याला डोंगर दिसायला हवा होता.
दिसतो.
पण तीननंतर डोंगराआधी ऊन आत येतं,
चपला न काढता.

छतावरचा एसी मग धापा टाकतो
आणि अर्ध्या खुर्च्या गारठतात:
रक्त अंगाबाहेर फिरून परततं तेव्हा
थोडी ऊब वाटेतच सांडलेली असते.
एकशे आठ डिग्रीच्या गावात
माणसं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून बसतात.
खिडकीकडचे भाजतात, भिंतीकडचे कुडकुडतात,
दोन्हींचे पैसे आम्हीच भरतो.

फिल्मचा कागद मीच केला.
चौतीस काचा, इतका खर्च, इतकी बचत,
तिसऱ्या उन्हाळ्यात फिटंफाट.
कागदावर नव्हता, पण मनात होता
भुसावळच्या रेस्ट हाउसमधला वाळ्याचा पडदा.
बाबा तिथे चौकीदार, पडद्यावर पाणी मारणारी मी,
एका बादलीला चार आणे.
साहेब आत शिरताना म्हणायचे, वा, काय वास!
आमच्या खोलीवर पत्रा होता.

डेल्फिना रविवारी आली, सेंटर बंद असताना,
सोबत भाचा, शिडी, बेबी शॅम्पूची बाटली.
पाण्यात दोन थेंब, काचेवर फवारा,
त्यावर ती धुरकट झिलई अलगद सोडली,
आणि रबराच्या पट्टीनं मधून कडेला, मधून कडेला
पाणी हाकलत नेलं.
एक बुडबुडा राहिला. ती पुटपुटली.
मी विचारलं, काय म्हणालात?
काही नाही, म्हणाली, त्याच्या आईची आठवण काढली.

मंगळवारी तीनला ऊन आलं
आणि काचेशीच घुटमळलं.
थर्मोस्टॅट चार डिग्री वर.
भिंतीकडच्या मिसेस हॅलोरननी
दुसऱ्या ब्लँकेटची घडी घातली.
मी वहीत बरोबरची खूण केली.

नऊ नंबरवरून मिस्टर ओर्नेलास म्हणाले,
माझा डोंगर धुतलात वाटतं. रंग गेलाय.
मंगळ, गुरू, शनी, चार-चार तास, सहा वर्षं
तिथे ऊन त्यांच्या मांडीवर यायचं,
आणि सुई नसलेला हात
ते उलटून पालटून शेकायचे, भाकरीसारखा.
म्हणाले, पाणी मोजून, मीठ मोजून, केळं तर नाहीच.
हे एक कुणी मोजत नव्हतं.

मी मोजत होते. त्यांना सांगितलं नाही.

एका काचेचं ऊन वर्षाला एकोणसाठ डॉलर.
पाऊण काच झाकलेली ठेवली तर पंधरा.
डेल्फिनाला फोन केला. ती म्हणाली, वॉरंटी जाईल.
म्हटलं, जाऊ दे, वीतभर.
पुढच्या रविवारी तिनं पातं फिरवलं, खाली,
मांडीच्या उंचीवर,
सोललेली पट्टी चुरगाळून खिशात घातली
आणि मजुरी घेतली नाही.
खतावणीत मी ते 'किरकोळ'मध्ये टाकलं.
साहेबांनी अजून विचारलेलं नाही.

दिवसा बाहेरून आमची भिंत आता आरसा,
रात्री उलट:
शेवटची पाळी सुटता सुटता पार्किंगमधून सगळं दिसतं,
नळ्या, मोजे, कुणाचं उघडं तोंड झोपेत.
आतल्यांना मात्र काचेत आपणच.

सोमवार-बुधवार-शुक्रवारी नऊ नंबरवर
एक कॉलेजातली मुलगी असते, शनेल तिचं नाव.
तिला ती वीतभर जागा डोळ्यावर येते,
आल्याबरोबर टॉवेल लावते चिकटपट्टीनं.
तिचंही बरोबर.

मंगळवारी दुपारी, तीनच्या जरा आधी,
तो टॉवेल काढायला मी उठते.
कामाच्या यादीत हे नाही.
बादलीही नाही, चार आणेही नाहीत.
फक्त चिकटपट्टी
थोडी थोडी सुटते, नखाखाली, गरम.